काढून टाकण्यातली खोटी सुरक्षितता

स्तनाच्या कर्करोगाचे निदान पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात झाले, म्हणजे गाठ फार मोठी नाही, ती कातडीत किंवा छातीच्या भिंतीत रुतलेली नाही आणि रोग शरीरात अन्यत्र पोचल्याची खूण नाही, अशा वेळीही संपूर्ण स्तन काढून टाकणे हाच एकमेव खात्रीचा मार्ग होय, असे मत महाराष्ट्रात आजही ठामपणे मांडले जाते. घरातील वडीलधारी माणसे ते ‘विषाची परीक्षा कशाला घ्यायची’ या शब्दांत सांगतात, काही शल्यचिकित्सक ‘जोखीम नको’ असे म्हणून त्याला दुजोरा देतात, आणि ज्या स्त्रीच्या शरीराचा प्रश्न असतो ती या दोघांच्या एकमतापुढे बहुधा गप्प राहते. या मतामागे वाईट हेतू नसतो. तिचा जीव वाचावा हीच तळमळ असते. परंतु तळमळ खरी असली म्हणून विधान खरे ठरत नाही. स्तन राखला तर जीव धोक्यात येतो, या समजाची तपासणी गेल्या पन्नास वर्षांत हजारो स्त्रियांच्या सहभागाने झालेली आहे आणि त्या तपासणीत तो टिकलेला नाही.

प्रतिवाद करण्यापूर्वी कशाची बाजू घेतली जात आहे हे नेमके सांगणे आवश्यक आहे, कारण बराचसा गैरसमज तिथेच सुरू होतो. स्तनरक्षक शस्त्रक्रिया म्हणजे नुसती गाठ काढून घेणे नव्हे. तिच्यात गाठ आणि तिच्या भोवतालचा निरोगी ऊतींचा पट्टा एकत्र काढला जातो, काखेतील लसिकाग्रंथी, म्हणजे शरीरातील लसिका हा द्रव गाळणाऱ्या आणि कर्करोगाच्या पेशी सर्वप्रथम जिथे अडकण्याचा संभव असतो अशा लहान ग्रंथी, तपासल्या जातात, आणि त्यानंतर उरलेल्या स्तनाला किरणोपचार दिले जातात. रोगाच्या प्रकारानुसार केमोथेरपी, संप्रेरकरोधक गोळ्या किंवा विशिष्ट प्रथिनाला लक्ष्य करणारी औषधे द्यावी लागतात. पण ती स्तन राखला काय किंवा काढला काय, दोन्हीकडे सारखीच लागतात. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार मिळून ही एक चिकित्सा होते. त्यांतील किरणोपचार वगळून उरलेल्या अर्ध्या उपचाराची तुलना संपूर्ण स्तनोच्छेदनाशी करणारा माणूस ज्याची शिफारस कोणी केलेलीच नाही अशा गोष्टीचे खंडन करत असतो.

जास्त कापले म्हणजे जास्त वाचले, ही कल्पना आली कुठून, याचा इतिहास स्पष्ट आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात स्तन, त्यावरील बरीचशी कातडी, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील सगळ्या ग्रंथी एकाच तुकड्यात काढल्या जात. १८९४ मध्ये त्यांनी आपल्या पन्नास रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि शस्त्रक्रियेच्या जागी रोग उलटण्याचे प्रमाण त्या काळाच्या मानाने आश्चर्यकारक कमी असल्याचे दाखवले. त्यांची धारणा अशी होती की कर्करोग गाठीपासून सलगपणे, टप्प्याटप्प्याने बाहेर सरकतो, आधी भोवतालच्या ऊतींत, मग काखेत आणि सर्वांत शेवटी दूरच्या अवयवांत. तेव्हा शस्त्र जितके दूर जाईल तितका रोग मागे पडेल. त्या काळी बहुतेक स्त्रिया मोठाल्या, फुटायला आलेल्या गाठी घेऊन येत, आणि त्यांच्यासाठी हॉल्स्टेड यांनी केलेले काम मोलाचे होते. चूक पुढच्या पिढ्यांची झाली, कारण त्यांनी ही धारणा सिद्धान्त मानून जवळपास पाऊण शतक पुरेशी न तपासता चालवली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात जेफ्री केन्स, म्हणजे अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे धाकटे बंधू, १९२० आणि १९३० च्या दशकांत रेडियमच्या सुया वापरून स्तन राखत होते आणि त्यांचे निष्कर्ष वाईट नव्हते. तरी त्यांच्या म्हणण्याकडे शल्यचिकित्सकांच्या मोठ्या वर्गाने पाठ फिरवली. ज्या स्त्रियांनी या काळात छातीचे स्नायू गमावले आणि सुजून जड झालेला हात आयुष्यभर वागवला, त्यांतील किती जणींना त्याची गरज होती हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

तो मोठ्या चाचणीच्या रूपाने विचारला गेला १९७१ मध्ये. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘बी-०४’ या चाचणीत, ज्यांच्या काखेत हाताला गाठी लागत नव्हत्या अशा १,०७९ स्त्रियांची तीन गटांत विभागणी यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे कोणाच्याही पसंतीविना, करण्यात आली. या पद्धतीचे महत्त्व असे की बरी प्रकृती, लहान गाठ, संपन्न घर यांसारख्या गोष्टी सर्व गटांत सारख्या वाटल्या जातात आणि शेवटी दिसणारा फरक उपचाराचाच आहे असे म्हणता येते. एका गटावर हॉल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या गटात फक्त स्तन काढून किरणोपचार दिले गेले, आणि तिसऱ्या गटात फक्त स्तन काढून काखेला हातही लावला गेला नाही. पहिल्या गटात काखेतून काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत कर्करोग आढळला. विभागणी यदृच्छेने झालेली असल्यामुळे तिसऱ्या गटातही साधारण तेवढ्याच स्त्रियांच्या काखेत रोग मागे राहिला असला पाहिजे. सलग प्रसाराचा सिद्धान्त खरा असता तर या स्त्रिया अधिक संख्येने मरण पावल्या असत्या. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत तिन्ही गटांच्या जगण्यात काहीही अर्थपूर्ण फरक नव्हता. अधिक कापल्याने अधिक आयुष्य मिळते, या विधानाचा पाया इथेच ढासळला होता, आणि त्यासाठी स्तन राखण्याचा प्रश्न मध्ये आणावाही लागला नाही.

प्रत्यक्ष स्तन राखण्याच्या दोन ठळक परीक्षा वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे झाल्या. मिलानमध्ये उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात, दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांपैकी निम्म्यांवर हॉल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांच्या स्तनाचा फक्त गाठ असलेला चतुर्थांश काढून किरणोपचार दिले. अमेरिकेत फिशर यांच्या ‘बी-०६’ चाचणीत १९७६ पासून चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या २,१६३ स्त्रिया सहभागी झाल्या. ऑक्टोबर २००२ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष आले. मिलानमध्ये स्तन राखलेल्या स्त्रियांपैकी २६.१ टक्के आणि काढलेल्यांपैकी २४.३ टक्के स्तनाच्या कर्करोगाने मरण पावल्या. कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू धरले तर हे आकडे ४१.७ आणि ४१.२ टक्के होते. ‘बी-०६’ मध्ये वीस वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण स्तन काढलेल्यांत ४७ टक्के आणि राखलेल्यांत ४६ टक्के होते. दोन खंड, दोन शस्त्रक्रिया-पद्धती, दोन स्वतंत्र चमू, आणि उत्तर एकच. पहिल्या निष्कर्षांच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञपरिषदेने १९९० मध्येच, पहिल्या दोन टप्प्यांतील बहुसंख्य स्त्रियांसाठी स्तन राखणे अधिक श्रेयस्कर असल्याचा निर्वाळा दिला होता.

‘बी-०६’ च्या विश्वासार्हतेवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. माँट्रियलमधील एका रुग्णालयाने काही रुग्णांच्या नोंदींत फेरफार केल्याचे १९९४ मध्ये उघड झाले आणि अमेरिकेत मोठा गदारोळ उठला. हजारो स्त्रियांना आपल्याला दिलेला सल्ला खोटा होता की काय अशी धास्ती वाटली. त्या रुग्णालयाचे सर्व रुग्ण वगळून पुन्हा गणित मांडण्यात आले, त्याचे फलित १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि निष्कर्ष तसूभरही बदलला नाही. फसवणूक निंद्य होती आणि आहे. पण तिचा हवाला देऊन आजही संपूर्ण चाचणी नाकारणाऱ्यांनी फेरतपासणीचे फलितही सांगायला हवे.

आता विरोधकांच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे वळता येते. राखलेल्या स्तनात रोग उलटू शकतो, आणि जो स्तन उरलाच नाही त्यात तो उलटणार नाही. हे खरे आहे, आकडेही तेच सांगतात: मिलानमध्ये वीस वर्षांत राखलेल्या स्तनात रोग पुन्हा दिसण्याचे प्रमाण ८.८ टक्के होते, तर हॉल्स्टेड पद्धतीनंतर त्या जागी तो दिसण्याचे प्रमाण २.३ टक्के. यातील दुसऱ्या आकड्याकडेही लक्ष द्यावे. स्तन पूर्ण काढल्यानंतरही छातीच्या भिंतीवर, व्रणाच्या रेषेत रोग येतो, त्यामुळे काढून टाकले म्हणजे कटकट मिटली हे आश्वासन कोणताही प्रामाणिक शल्यचिकित्सक देऊ शकत नाही. खरा प्रश्न असा की स्थानिक पुनरुद्भवात इतका फरक असूनही मृत्यूंचे प्रमाण सारखे का राहिले. याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. स्तनाचा कर्करोग स्तनात राहून जीव घेत नाही; तो हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदू गाठतो तेव्हा जीव घेतो, आणि तिकडे जाणाऱ्या पेशी पुष्कळदा गाठ हाताला लागण्यापूर्वीच रक्तात उतरलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत औषध पोचते, शस्त्र पोचत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग आधीच दूर पसरलेल्या ३५० स्त्रियांवर केलेली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या संदर्भात आठवावी. त्या स्त्रिया प्रगत टप्प्यातील होत्या आणि प्रश्न वेगळा होता, पण स्तनातील मूळ गाठ शस्त्रक्रियेने काढल्यामुळे त्यांचे आयुष्य वाढले नाही, हा निष्कर्ष आयुष्याची लांबी कुठे ठरते हे दाखवून देतो. राखलेल्या स्तनात रोग उलटला तर तो बहुधा वेळीच सापडतो आणि तेव्हा स्तन काढता येतो. काही टक्के स्त्रियांवर पुढे कधीतरी येऊ शकणारी ही वेळ टाळण्यासाठी सगळ्यांचाच स्तन आज काढणे, हा या हिशेबाचा खरा अर्थ आहे.

तरीही स्थानिक पुनरुद्भव क्षुल्लक आहे असे कोणी समजू नये, आणि स्तनरक्षणाच्या काही उत्साही समर्थकांनी ही चूक केलेली आहे. ‘बी-०६’ मध्ये गाठ काढल्यानंतर किरणोपचार न दिलेल्या गटातील ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात वीस वर्षांत रोग परतला; घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. त्या एका चाचणीत दोन्हींचे जगणे सारखे दिसले, पण ऑक्सफर्डहून चालणाऱ्या संयुक्त विश्लेषणात १७ चाचण्यांतील १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली तेव्हा, २०११ मध्ये, असे आढळले की गाठ काढल्यानंतर किरणोपचार दिल्याने पंधरा वर्षांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू २५.२ वरून २१.४ टक्क्यांवर आले. साधारणपणे दहा वर्षांत टळलेल्या दर चार पुनरुद्भवांमागे पंधराव्या वर्षापर्यंत एक मृत्यू टळला. म्हणून किरणोपचार हा स्तनरक्षणाचा ऐच्छिक भाग नाही. वयाची पासष्टी ओलांडलेल्या, लहान आणि संप्रेरकांना प्रतिसाद देणारी गाठ असलेल्या, गोळ्या नियमित घेणाऱ्या स्त्रियांपुरता अपवाद करता येतो. ब्रिटनमधील ‘प्राइम-२’ चाचणीत अशा स्त्रियांत किरणोपचार वगळल्याने दहा वर्षांत स्थानिक पुनरुद्भव ०.९ वरून ९.५ टक्क्यांवर गेला, पण जगण्यात फरक पडला नाही. हा अपवाद वृद्ध स्त्रियांचा आहे आणि तो तरुण स्त्रियांना लागू करणे घातक ठरेल.

दुसरा आक्षेप इथल्या स्त्रियांच्या नावाने घेतला जातो: या चाचण्या गोऱ्या स्त्रियांवर झाल्या, आपल्या स्त्रियांना हा रोग कमी वयात होतो, त्यांच्या गाठी मोठ्या असतात, म्हणून तिकडचे निष्कर्ष इकडे चालत नाहीत. यातील वस्तुस्थिती खरी आहे. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरी दहाएक वर्षे आधी दिसतो आणि पुष्कळ स्त्रिया उशिरा दवाखान्यात पोचतात. मात्र तिच्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. गाठीच्या आकाराचा विचार करायचा तर युरोपातील एका मोठ्या चाचणीत पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ८६८ स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुतेकींची गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी होती. वीस वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण स्तन काढलेल्यांत ४४.५ आणि राखलेल्यांत ३९.१ टक्के होते. या पाच टक्क्यांवर बोट ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात: एवढ्या संख्येच्या चाचणीत हा फरक योगायोगाच्या मर्यादेत मोडतो, आणि त्या चाचणीत काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली रोगमुक्त असल्याच पाहिजेत अशी अट नव्हती, जी आज कुठेही अनिवार्य मानली जाते. आज काढलेल्या तुकड्याच्या पृष्ठभागाला शाई लावली जाते, विकृतिशास्त्रज्ञ त्याचे पातळ काप तपासतात, आणि शाई लागलेल्या कडेवर एकही कर्करोगाची पेशी नसेल तरच शस्त्रक्रिया पूर्ण झाली असे मानले जाते. तशी पेशी आढळली तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. इंग्लंडमध्ये अशी वेळ साधारण पाचांपैकी एका स्त्रीवर आल्याची नोंद आहे, आणि ही शक्यता स्त्रीला आधीच सांगितली पाहिजे.

वयाबाबतही स्थिती स्पष्ट आहे. चाळिशीच्या आतील स्त्रियांच्या राखलेल्या स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक असते, यात शंका नाही. त्यावर उपायही शोधला गेला. ५,३१८ स्त्रियांच्या युरोपीय चाचणीत गाठीच्या जागेला किरणोपचाराची जादा मात्रा दिल्याने चाळीस किंवा त्याहून कमी वयाच्या स्त्रियांमधील दहा वर्षांतील स्थानिक पुनरुद्भव २३.९ वरून १३.५ टक्क्यांवर आला. ही चाचणी जुन्या औषधांच्या काळातली आहे. पुढे औषधोपचार सुधारले आणि त्यांनी दूरच्या प्रसाराबरोबर स्तनातील पुनरुद्भवही घटवला: ४,०९६ रुग्णांच्या ब्रिटिश ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीत पाच वर्षांत त्याच स्तनात किंवा छातीवर रोग परतण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपासच राहिले. तरुण स्त्रीच्या रोगाचा स्वभाव आक्रमक असेल तर स्तन काढल्याने तो सौम्य होत नाही. आणि जिच्यासमोर चाळीस वर्षांचे आयुष्य आहे तिला शरीर अखंड राखण्याचा हक्क इतरांपेक्षा कमी आहे, असे म्हणण्यास कोणताही वैद्यकीय आधार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे, आणि इथे विरोधकांचे म्हणणे अर्ध्याहून अधिक खरे आहे. किरणोपचाराची यंत्रे मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत एकवटली आहेत. बार्शीसारख्या ठिकाणी उभे राहिलेले कर्करोग रुग्णालय हा नियम नसून अपवाद आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आदिवासी पाड्यावरील, रोजंदारीवर जगणाऱ्या स्त्रीला पाच-सहा आठवडे परगावी धर्मशाळेत राहून रोज किरणोपचार घ्यायला सांगणे म्हणजे तिला उपचार अर्धवट सोडायला लावणे, असे पुष्कळ शल्यचिकित्सक अनुभवाने म्हणतात. परंतु या युक्तिवादात दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे, काखेतील ग्रंथींत रोग पोचलेल्या स्त्रियांना स्तन काढल्यानंतरही किरणोपचार लागतात, आणि उशिरा येणाऱ्या इथल्या स्त्रियांत अशांची संख्या मोठी आहे. म्हणजे त्यांचा स्तनही जातो आणि धर्मशाळेतला मुक्कामही टळत नाही. दुसरी गोष्ट अशी की पाच-सहा आठवड्यांचा कालावधी आता इतिहासजमा होत चालला आहे. आधी कॅनडा आणि ब्रिटनमधील चाचण्यांनी तीन आठवड्यांच्या सुमारास संपणारा उपचार तितकाच परिणामकारक असल्याचे दाखवले, आणि वर उल्लेखिलेल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीने २०२० मध्ये एका आठवड्यात पाच मात्रांचा उपचार तीन आठवड्यांच्या उपचारापेक्षा पाच वर्षांच्या निरीक्षणात कमी पडत नसल्याचे सिद्ध केले. गाठीच्या जागेला जादा मात्रा द्यायची झाल्यास थोडे दिवस वाढतात, डाव्या स्तनाच्या वेळी हृदयावर किरण जाऊ नयेत याची काळजी घ्यावी लागते, तरी तीन आठवड्यांचा मुक्काम आणि सहा आठवड्यांची परवड यांत फार अंतर आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दोन्हींचा समावेश आहे; उणीव राहते ती यंत्रांची, मनुष्यबळाची आणि गावापासून यंत्रापर्यंतच्या प्रवासाची. ही उणीव शासनाची आहे. ती स्त्रीच्या शरीरातून वसूल करून वर ‘तुझ्या जिवासाठी हेच सुरक्षित आहे’ असे तिला सांगणे, हे असत्यकथन आहे. ज्या शल्यचिकित्सकाला परिस्थितीमुळे स्तन काढावाच लागतो त्याने खरे कारण सांगावे: किरणोपचाराची सोय जवळ नाही म्हणून हा मार्ग घ्यावा लागत आहे. कारण खरे कळले तर कित्येक कुटुंबे बहिणीच्या किंवा मावशीच्या घरी शहरात तीन आठवडे सोय लावतील. खोटे कळले तर ती संधीच उरत नाही.

स्तन राखण्याची संधी हुकण्यामागे आणखी एक कारण आहे आणि त्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने गाठीतून जाड सुईने तुकडा काढून तपासणे टाळले जाते आणि तालुक्याच्या ठिकाणी ‘आधी गाठ काढून पाहू’ म्हणून ती उचलली जाते. अहवालात कर्करोग आल्यावर रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवली जाते, तेव्हा गाठ कुठे होती, कड मोकळी होती का, काढलेल्या तुकड्याची कोणती बाजू वर होती, यांतले काहीच सांगता येत नाही. कधी तुकडा तपासणीला गेलेलाच नसतो. सुईने केलेल्या तपासणीमुळे रुग्णाचे आयुष्य घटते याला पुरावा नाही. उलट तिच्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी रोगाचा प्रकार कळतो, गाठ मोठी असल्यास आधी केमोथेरपी देऊन ती लहान करता येते आणि मग स्तन राखता येतो. अमेरिकेच्या ‘बी-१८’ चाचणीत १,५२३ स्त्रियांवर हाच प्रयोग झाला. केमोथेरपी आधी दिली काय किंवा नंतर दिली काय, जगण्यात फरक पडला नाही, पण आधी दिल्याने स्तन राखता आलेल्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. निदान आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी व्हावीत, यासाठी अमेरिकेत रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने १९७० च्या दशकात स्वतःला कर्करोग झाल्यानंतर मोठा लढा दिला होता, कारण तोवर स्त्री भुलीखाली जाताना जागे झाल्यावर आपला स्तन असेल की नसेल हे तिला ठाऊक नसे. हा लढा तिथे १९७९ मध्ये तत्त्वतः जिंकला गेला. इथे आजही काही स्त्रिया तशाच अज्ञानात शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात.

स्तन राखणे अयोग्य ठरते अशा परिस्थिती आहेत आणि त्या नाकारल्या तर हा प्रतिवाद अप्रामाणिक होईल. संपूर्ण स्तन लाल आणि सुजलेला करणारा दाहक कर्करोग, स्तनाच्या विस्तृत भागात पसरलेले संशयास्पद चुन्याचे कण, पुन्हा शस्त्रक्रिया करूनही मोकळ्या न होणाऱ्या कडा, छातीला पूर्वी दिलेले किरणोपचार, गर्भारपणामुळे किरणोपचार वेळेत देता न येणे, अशा वेळी स्तन काढणे हाच योग्य निर्णय असतो. आनुवंशिक जनुकदोष असलेल्या स्त्रियांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण त्यांच्यापुढे दुसऱ्या स्तनाचाही प्रश्न असतो. आणि जिला सर्व माहिती मिळाल्यानंतरही स्तन काढून घेणेच मनाला स्वस्थता देणारे वाटते, तिचा निर्णय तितकाच आदरणीय आहे. विरोध आहे तो माहिती न देता घेतलेल्या निर्णयाला.

दुसऱ्या टोकाच्या अतिशयोक्तीलाही इथेच आवर घालणे बरे. नेदरलँड्स आणि स्वीडनमधील मोठ्या नोंदवह्यांच्या अभ्यासांत स्तन राखलेल्या स्त्रिया काढलेल्यांपेक्षा अधिक काळ जगल्याचे दिसले, आणि त्यावरून स्तन राखणे अधिक सुरक्षित आहे असे आता काही ठिकाणी सांगितले जाते. नोंदवहीतील स्त्रियांची विभागणी यदृच्छेने झालेली नसते. अधिक आजारी, अधिक वयाच्या, किरणोपचार न झेपणाऱ्या स्त्रियांचा स्तन काढला जाण्याची शक्यता अधिक असते, आणि गणिताने हा फरक पूर्णपणे पुसता येत नाही. या अभ्यासांतून इतकेच ठामपणे म्हणता येते की आजच्या औषधोपचारांच्या काळातही, दैनंदिन वैद्यकीय व्यवहारात, स्तन राखल्याने नुकसान झाल्याची खूण दिसत नाही. एवढे पुरेसे आहे. त्याहून जास्त दावा करण्याची गरज नाही.

राहता राहिले ते एक विधान, जे पुरावा संपल्यावर हमखास पुढे येते: मुलेबाळे झाली, आता या वयात स्तनाचे काय करायचे आहे. या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात स्थान नाही. पन्नाशीच्या पुरुषाच्या हाडाला गाठ आली आणि पाय राखून उपचार शक्य असला तर ‘आता कुठे धावायचे आहे’ असे म्हणून कोणी पाय कापायला सांगत नाही. स्तन गमावलेल्या स्त्रीला आरशासमोर, अंघोळीच्या वेळी, ब्लाउज घालताना, लग्नकार्यात चार बायकांत बसताना काय सोसावे लागते याची मोजदाद चाचण्यांच्या तक्त्यांत फारशी नसते, म्हणून ते सोसणे खोटे ठरत नाही. जगण्याच्या शक्यतेत फरक असता तर हे सोसणे मागणे समर्थनीय ठरले असते. तो फरक नाही.

भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे नव्याने निदान झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे, आणि त्यांतील लवकर आलेल्या प्रत्येक स्त्रीबाबत हा निर्णय कोणाला तरी घ्यावा लागतो. तो घेताना रुग्ण आणि तिचे नातेवाईक यांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शल्यचिकित्सकाला विचारावे की सुईने तपासणी झाली आहे का, स्तन राखता येईल का, आणि येत नसेल तर कारण रोगाचे आहे की सोयीचे. ते कारण केसपेपरवर लिहून मागावे, आणि समाधान झाले नाही तर किरणोपचाराची सोय असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात सल्ला घ्यावा. निदानानंतर त्यासाठी काही दिवस गेल्याने रोगाच्या परिणामात फरक पडत नाही, आणि काढलेला स्तन मात्र परत लावता येत नाही.